डोळा तुलना करतो, मोजत नाही: कमी खर्चात मॉनिटरचे रंग जुळवताना

काही वर्षांपूर्वी मी धुक्यातील टेकड्यांची पंधरा छायाचित्रे छापायला दिली होती. स्क्रीनवर पाहताना दरीच्या तळाशी असलेली झाडे एकेक करून मोजता येत होती; कागदावर मात्र दरीच्या जागी एक सपाट काळा डाग उमटला. छापणाऱ्याला मी चार शब्द सुनावले, त्याने बिचाऱ्याने पुन्हा छापून दिले, आणि पुन्हा तोच डाग आला. चूक त्याची नव्हतीच. माझा मॉनिटर खोक्यातून निघाला त्या दिवसापासून पूर्ण ब्राइटनेसवर चालत होता. त्या झगमगाटात फाइलमधला अंधारसुद्धा मला उजेडासारखा दिसत होता, आणि डोळ्यांना पुरेसे उजळ वाटले की मी सावल्या उचलायचे, म्हणजे गडद भाग उजळ करायचे, थांबत होतो. छायाचित्रे काळी छापली जातात या तक्रारीमागे बहुतेक वेळा एवढेच कारण असते, आणि ते दूर करायला काहीही खर्च येत नाही.

मॉनिटरचे रंग जुळवणे, म्हणजेच कॅलिब्रेशन, हा विषय निघाला की दोन टोकाची मते ऐकू येतात. एका मतानुसार महागडे उपकरण नसेल तर सगळा खटाटोप व्यर्थ आहे. दुसऱ्या मतानुसार इंटरनेटवरची एखादी चाचणीची प्रतिमा पाहून बटणे फिरवली की काम झाले. दोन्ही मते अर्धवट आहेत. या कामाचा काही भाग नुसत्या डोळ्यांनी चांगला होतो, काही भाग डोळ्यांनी कधीच होत नाही, आणि कोणता भाग कोणता हे कळले की पैसे कुठे वाचवायचे व कुठे नाही हे आपोआप ठरते.

फाइलमध्ये रंग नसतो, आकडे असतात

छायाचित्राच्या फाइलमध्ये प्रत्येक बिंदूसाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात. नेहमीच्या आठ बिटांच्या जेपेगमध्ये ते ० ते २५५ यांच्या दरम्यान असतात. ‘लाल २००’ म्हणजे नेमका कोणता लाल आणि किती तेजाचा, हे तो आकडा स्वतः सांगू शकत नाही. त्यासाठी एक करार लागतो, आणि आज सर्वांत रूढ असलेला करार म्हणजे एसआरजीबी. ह्युलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी तो १९९६ मध्ये मांडला आणि १९९९ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. मूळ लाल, हिरवा आणि निळा नेमके कोणते, हे त्यात ठरवलेले आहे. तिन्ही पूर्ण पेटवल्यावर दिसणारा पांढरा कसा असावा, हेही ठरवलेले आहे. त्याला डी६५ म्हणतात आणि तो ढोबळमानाने ६५०० केल्विनच्या दिवसाच्या उजेडासारखा असतो. आकडा वाढत जाताना तेज कोणत्या चढाने वाढावे हा तिसरा मुद्दा. या चढाला गॅमा म्हणतात आणि तो सुमारे २.२ असतो.

तुमचा मॉनिटर हा करार पाळतोच असे नाही. दुकानातल्या रांगेत शेजारच्या मॉनिटरपेक्षा उठून दिसावा म्हणून तो बहुधा जास्त तेजस्वी आणि किंचित निळसर ठेवून पाठवलेला असतो. त्याला ताळ्यावर आणण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. भिंतीवरचे घड्याळ पाच मिनिटे पुढे असेल, तर काटे फिरवून वेळ जुळवता येते, किंवा काटे तसेच ठेवून खाली ‘हे घड्याळ पाच मिनिटे पुढे आहे’ अशी चिठ्ठी लावता येते. काटे फिरवणे म्हणजे कॅलिब्रेशन, आणि चिठ्ठी म्हणजे प्रोफाइल. इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम या १९९३ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने या चिठ्ठीचे स्वरूप ठरवून दिले, म्हणून तिला आयसीसी प्रोफाइल म्हणतात. मॉनिटरचे तेज, पांढरा आणि गॅमा या गोष्टी बऱ्याच अंशी फिरवून जुळवता येतात. मूळ लाल, हिरवा आणि निळा मात्र पॅनेलच्या फिल्टरांवर आणि मागच्या दिव्यावर अवलंबून असतात, ते बदलता येत नाहीत, त्यांची नोंद फक्त चिठ्ठीत करता येते.

डोळ्याची एक खोड

रात्री पिवळ्या दिव्याखाली पुस्तक वाचताना कागद पांढराच वाटतो, आणि सकाळी खिडकीशी बसून वाचतानाही तो पांढराच वाटतो. कागदावरून डोळ्यात येणारा प्रकाश या दोन वेळी अगदी वेगळा असतो, पण समोर जो सर्वांत उजळ पृष्ठभाग असेल त्याला पांढरा मानून बाकीचे रंग त्याच्याशी जुळवून घेण्याची सवय डोळ्याला आणि मेंदूला आहे. एरवी ही सवय मोठ्या उपयोगाची आहे. मॉनिटरपुढे मात्र ती घात करते, कारण निळसर स्क्रीनपुढे दहा मिनिटे बसले की ती निळसर वाटेनाशी होते आणि तिच्यावर केलेले छायाचित्र दुसऱ्या स्क्रीनवर पिवळट दिसते. तेजाचेही तसेच आहे: स्क्रीन किती तेजस्वी आहे हे डोळा सांगू शकत नाही, ती खोलीपेक्षा जास्त तेजस्वी आहे की कमी एवढेच तो सांगतो.

याच डोळ्यापुढे दोन करडे चौकोन अगदी एकमेकांना चिकटवून ठेवले, तर त्यांच्या तेजातला शेकडा एक-दोन इतका फरकही तो पकडतो. म्हणजे डोळ्याला माप विचारले की तो चुकतो आणि तुलना विचारली की तो सहसा बरोबर येतो. फुकटातल्या ज्या पद्धती खरोखर चालतात, त्या सगळ्या मापाच्या प्रश्नाचे तुलनेच्या प्रश्नात रूपांतर करतात. ज्या चालत नाहीत, त्या डोळ्याला ‘हे पांढरे आहे का?’ असे विचारत बसतात.

आधी खोली आणि मेनू

मॉनिटर सुरू करून अर्धा तास जाऊ द्यावा, कारण मागचा दिवा स्थिर व्हायला वेळ लागतो. स्क्रीनवर खिडकीचे किंवा दिव्याचे प्रतिबिंब पडू नये, आणि खोलीतला उजेड मंद असला तरी रोज साधारण तितकाच असावा. स्क्रीनसमोर बसून पाहणारे लोक स्वतःच्या कपड्यांचा विचार करत नाहीत, पण गडद लाल सदरा घालून बसलात तर काळ्या भागांवर त्याची झाक पडते; मला हे कळायला बरेच दिवस लागले.

संध्याकाळ झाली की स्क्रीन पिवळी करणारी नाइट लाइट किंवा नाइट शिफ्टसारखी सोय, खोलीच्या उजेडानुसार रंग बदलणारी ट्रू टोनसारखी सोय आणि आपोआप कमी-जास्त होणारा ब्राइटनेस हे सगळे बंद असायला हवे. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, वीज वाचवणारे मोड आणि ‘सिनेमा’ किंवा ‘गेम’ अशा नावांचे मोड असतात. तेही बंद करावेत, कारण चित्रागणिक स्वतः बदलणारी गोष्ट जुळवता येत नाही. एचडीएमआय केबलने जोडलेल्या मॉनिटरवर काळा रंग राखाडी आणि एकूण चित्र फिके दिसत असेल, तर ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये आउटपुट रेंज तपासावी. टीव्हीच्या पद्धतीनुसार कार्ड ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढेच आकडे पाठवत असते आणि मॉनिटर ते जसेच्या तसे दाखवतो. ही चूक कोणत्याही कॅलिब्रेशनने नीट सुधारत नाही. ती जागच्या जागी, रेंज ‘फुल’ करूनच जाते.

कॅमेरा हाच प्रकाशमापक

स्क्रीनचे तेज कॅन्डेला प्रति चौरस मीटर या एककात मोजतात. त्यालाच निट असेही म्हणतात. नवा मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसवर २५० ते ३५० निट सहज देतो. एसआरजीबीच्या मूळ व्याख्येत ८० निट धरलेले आहेत, आणि छायाचित्रांच्या कामासाठी ८० ते १२० या दरम्यानचा आकडा घेण्याची रीत आहे. मंद खोलीत खालचा, उजळ खोलीत वरचा. माझ्या त्या टेकड्या तिपटीने जास्त तेजात संपादित झाल्या होत्या.

हे तेज डोळ्याने ठरवता येत नाही, पण छायाचित्रकाराकडे एक प्रकाशमापक आधीच असतो, तो म्हणजे कॅमेऱ्यातला मीटर. संपूर्ण स्क्रीन निव्वळ पांढरी करावी, म्हणजे तिन्ही आकडे २५५. कॅमेरा मॅन्युअल मोडवर, आयएसओ १०० आणि ॲपर्चर एफ/४ असे ठेवावे, फोकस हाताने अनंतावर न्यावा म्हणजे पिक्सेलची जाळी दिसणार नाही, आणि लेन्स इतकी जवळ न्यावी की चौकटीत पांढऱ्याशिवाय काहीच उरणार नाही. आता मीटरचा काटा शून्यावर येईपर्यंत शटरचा वेग फिरवावा. शटरच्या अपूर्णांकातला छेद दुप्पट केला की स्क्रीनचे तेज निटमध्ये मिळते: १/४० आला तर ८० निट, १/५० आला तर १००, १/६० आला तर १२०, आणि माझ्यासारखा १/१६० आला तर ३२०.

ही जादू नाही. परावर्तित प्रकाश मोजणाऱ्या मीटरचे समीकरण असे आहे: तेज म्हणजे एक स्थिरांक गुणिले ॲपर्चरच्या आकड्याचा वर्ग, आणि त्याला शटरचा काळ व आयएसओ यांच्या गुणाकाराने भागायचे. बऱ्याच कंपन्यांच्या मीटरमध्ये तो स्थिरांक १२.५ असतो. एफ/४ चा वर्ग १६, त्याला १२.५ ने गुणले की २००, आणि आयएसओ १०० ने भागले की उरतात २. काही कंपन्या १४ हा स्थिरांक वापरतात, लेन्समध्येही थोडा प्रकाश हरवतो, आणि शटरच्या दोन पायऱ्यांमध्येच शेकडा पंचवीसच्या आसपास अंतर असते. म्हणजे हे माप काटेकोर नाही. पण ३२० आणि १०० यांतला फरक त्यातून स्वच्छ कळतो, आणि मॉनिटरचा ब्राइटनेस कमी करत शटर १/५० च्या आसपास आणला की छपाईतल्या काळोखाचा निम्म्याहून अधिक प्रश्न सुटतो. पहिल्या दिवशी स्क्रीन मेलेली वाटेल. दोन-तीन दिवसांत तीच नेहमीची वाटू लागते, कारण डोळ्याची वर सांगितलेली खोड इथे आपल्या बाजूने काम करते.

काळा, पांढरा आणि मधले सगळे

पुढच्या चाचण्या तयार मिळतात, पण स्वतः बनवणे सोपे आहे आणि बनवताना गोष्ट कळतेही. एका काळ्या, म्हणजे शून्य आकड्याच्या पार्श्वभूमीवर २, ४, ६, ८ आणि १० या आकड्यांचे चौकोन काढावेत. मंद उजेडात चार किंवा सहाचा चौकोन जेमतेम ओळखू यावा. दहाचाही दिसत नसेल, तर सावल्या गिळल्या जात आहेत. एलसीडी मॉनिटरवर ब्राइटनेसचे बटण बहुधा फक्त मागचा दिवा मंद-प्रखर करते, त्यामुळे हा दोष त्या बटणाने सुधारत नाही. मेनूत ‘ब्लॅक लेव्हल’ असेल तर ते पाहावे, नाहीतर गॅमा किंवा वर सांगितलेली आउटपुट रेंज तपासावी. तसेच २५५ च्या पांढऱ्यावर २४६ ते २५४ पर्यंतचे चौकोन काढावेत. ते पांढऱ्यात विरघळत असतील, तर कॉन्ट्रास्ट जास्त झाला आहे. तो एकेक पायरी खाली आणत गेले की चौकोन वर येऊ लागतात, आणि ते दिसले की तिथेच थांबावे.

गॅमाची चाचणी मात्र थोडी सविस्तर पाहण्यासारखी आहे, कारण डोळ्याला तुलना करायला लावणे म्हणजे काय हे तिच्याइतके स्पष्ट कुठेच दिसत नाही. एक काळी आणि एक पांढरी अशा एका पिक्सेल जाडीच्या आडव्या रेषांनी एक पट्टा भरावा. दुरून पाहिल्यावर रेषा एकमेकींत मिसळतात आणि त्या पट्ट्यातून पांढऱ्याच्या बरोबर निम्मे तेज डोळ्यात येते. हे निम्मे तेज गॅमावर अवलंबून नाही, कारण रेषांमध्ये फक्त पूर्ण काळा आणि पूर्ण पांढरा आहे. आता या पट्ट्याला लागून सपाट करड्या रंगाचे चौकोन ठेवावेत आणि कोणता चौकोन पट्ट्यात मिसळून जातो ते पाहावे. गॅमा २.२ असेल तर १८६ आकड्याचा चौकोन मिसळतो. एसआरजीबीचा चढ अगदी काटेकोर पाळला जात असेल तर १८८ चा. त्याऐवजी १७४ चा मिसळत असेल तर गॅमा १.८ च्या आसपास आहे आणि मधल्या छटा उजळ दिसत आहेत; १९१ चा मिसळत असेल तर तो २.४ आहे आणि मधल्या छटा गडद होत आहेत. करडा आकडा १२८ यावा असे पुष्कळांना वाटते, पण आकडा निम्मा म्हणजे तेज निम्मे नव्हे. गॅमाची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे.

ही चाचणी बिघडवणाऱ्या दोन-तीन गोष्टी आहेत. प्रतिमा १०० टक्के आकारातच दिसली पाहिजे, म्हणजे फाइलमधला एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर बसला पाहिजे. ऑपरेटिंग सिस्टिमने सगळे १२५ किंवा १५० टक्के मोठे केले असेल तर रेषा धूसर होतात आणि उत्तर चुकते. मॉनिटर त्याच्या मूळ रिझोल्यूशनवर हवा. फोटो संपादनाचे सॉफ्टवेअर प्रोफाइल वाचून आकडे बदलत असते, म्हणून ही चाचणी रंगांचे व्यवस्थापन न करणाऱ्या साध्या प्रोग्रॅममध्ये उघडावी. स्वस्त लॅपटॉपच्या टीएन पॅनेलवर डोके चार बोटे वर-खाली केले तरी मिसळणारा चौकोन बदलतो. तो प्रयोग एकदा करून पाहावाच, म्हणजे अशा पॅनेलवर सावल्यांचे बारीक काम का करू नये हे वेगळे सांगावे लागत नाही.

हीच चाचणी काळ्या-लाल, काळ्या-हिरव्या आणि काळ्या-निळ्या रेषांनीही करता येते. तिन्ही रंगांत मिसळणारा आकडा सारखा आला, तर करड्या छटा काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एकाच वळणाच्या राहतात. आकडे वेगळे आले, तर सावल्या हिरवट आणि उजळ भाग जांभळट असे काहीतरी दिसते. विंडोज ७ पासून विंडोजमध्ये आलेले रंग जुळवण्याचे साधन आणि मॅकमधले डिस्प्ले कॅलिब्रेटर ही दोन्ही साधने मूलतः असेच डोळ्याला प्रश्न विचारतात आणि उत्तरांवरून ग्राफिक्स कार्डासाठी एक वक्ररेषा तयार करतात. त्यांतली गॅमाची पायरी मी वापरतो. करड्याला ‘रंगहीन’ करण्यासाठी लाल-हिरवा-निळा सरकवण्याची पायरी मात्र मी सोडून देतो, कारण तिथे डोळ्याला माप विचारलेले असते.

पांढऱ्याचा पेच

पांढरा हीच डोळ्याची सर्वांत दुबळी जागा. मॉनिटरच्या मेनूत ६५०० किंवा ‘वॉर्म’, ‘नॉर्मल’, ‘कूल’ असे पर्याय असतात आणि एखादा एसआरजीबी नावाचा मोडही असतो. उपकरण नसेल तर ६५०० किंवा एसआरजीबी मोड निवडून हात बाजूला ठेवणे, हेच शहाणपणाचे. हे पर्याय अचूक असतीलच असे नाही, पण कारखान्यात निदान एखाद्या नमुन्यावर ते मोजलेले असतात; आपण रात्री अकरा वाजता थकलेल्या डोळ्यांनी निळ्याचे बटण फिरवतो तेव्हा तेवढेही नसते. एसआरजीबी मोडमध्ये काही मॉनिटर ब्राइटनेसचे बटण अडकवून ठेवतात, तेव्हा तेज कमी करता येत नसेल तर ६५०० चा पर्याय घ्यावा.

पांढरा कागद स्क्रीनशेजारी धरून जुळवण्याचा सल्ला वारंवार दिला जातो. ही तुलना आहे हे खरे, पण ज्याच्याशी तुलना करायची तोच इथे डळमळीत आहे. कागदावर पडणारा उजेड दिवसाच्या वेळेनुसार आणि ढगांनुसार बदलतो, आणि छपाईच्या नेहमीच्या कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायने असतात जी अतिनील किरणांखाली निळसर चमकतात. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ६५०० वर ठेवून स्क्रीनचे छायाचित्र काढणे आणि त्यात तिन्ही आकडे सारखे येतात का पाहणे, हा उपाय जरा बरा आहे. पण एलईडी दिव्याच्या प्रकाशात निळ्याची एक अरुंद उंच लाट असते, आणि कॅमेऱ्याचे फिल्टर तिला डोळ्यासारखे पाहत नाहीत. एकाच टेबलावरचे सारख्याच प्रकारचे दोन मॉनिटर एकमेकांच्या जवळ आणायला मी हा उपाय वापरतो, खरा पांढरा शोधायला नाही. फोनवर ॲप उतरवून फोनच्या कॅमेऱ्याने रंग मोजण्याच्या फंदात तर पडूच नये.

उपकरण: विकत, उसने की वाटून

कलरिमीटर हे संगणकाच्या माउसएवढे उपकरण स्क्रीनवर टेकवून ठेवायचे असते. सॉफ्टवेअर स्क्रीनवर एकामागून एक रंग दाखवते, उपकरण डोळ्याच्या संवेदनेशी मिळत्याजुळत्या फिल्टरांतून त्यांचे माप घेते, आणि त्या मापांवरून कॅलिब्रेशन आणि प्रोफाइल दोन्ही तयार होतात. आपल्याला जे जमत नाही नेमके तेच ते करते: पांढरा आणि तेज यांचे निखळ माप. म्हणून या सगळ्या प्रकरणात पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करावेत. नवा मॉनिटर घेण्याआधी कलरिमीटर घ्यावा, असे माझे मत आहे.

तरीही पूर्ण किंमत मोजायची गरज सहसा पडत नाही. एका मॉनिटरचे काम तासाभरात उरकते आणि मग ते उपकरण काही आठवडे खणात पडून राहते, त्यामुळे चार-पाच जणांनी मिळून एक घेणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. दुसरे असे की काही कंपन्या एकच उपकरण स्वस्त आणि महाग अशा वेगवेगळ्या संचांत विकतात आणि फरक फक्त सोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. ग्रेम गिल यांनी लिहिलेले आर्जिलसीएमएस हे मुक्त सॉफ्टवेअर आणि फ्लोरियान ह्योख यांनी त्यावर चढवलेला डिस्प्लेकॅल हा सोपा दर्शनी भाग, दोन्ही फुकट मिळतात. ते कंपनीच्या सॉफ्टवेअरचे अडसर मानत नाहीत आणि बऱ्याच जुन्या उपकरणांनाही ओळखतात. म्हणजे स्वस्त संच घेऊन हे सॉफ्टवेअर वापरले की महाग संचातली बहुतेक कामे होतात.

जुने उपकरण घेताना एक गोष्ट पाहावी. आधीच्या पिढीतल्या अनेक कलरिमीटरांचे फिल्टर ओलाव्याने आणि वयाने फिके पडतात, आणि असे उपकरण आपल्याला अत्यंत आत्मविश्वासाने चुकीचा पांढरा देते. काचेचे फिल्टर असलेली २०११ नंतरची एक्स-राइटची आयवनडिस्प्ले प्रो आणि कलरमंकी डिस्प्ले ही उपकरणे या बाबतीत बरीच टिकाऊ ठरली आहेत. शिवाय मॉनिटरच्या मागे कोणत्या प्रकारचा दिवा आहे, साधा पांढरा एलईडी की विस्तृत रंगपट्ट्यासाठीचा (म्हणजे जास्त रंग दाखवता यावेत म्हणून बनवलेला) वेगळा, हे सॉफ्टवेअरला सांगावे लागते. तो पर्याय चुकला तर मापही चुकते, म्हणून तो घाईत निवडू नये.

लक्ष्य म्हणून डी६५, गॅमा २.२ आणि १०० ते १२० निट हे आकडे भरावेत. सॉफ्टवेअर सुरुवातीला मॉनिटरच्या मेनूतले लाल, हिरवा, निळा हे ‘गेन’ हलवायला सांगते. ही पायरी कंटाळवाणी असली तरी टाळू नये. पांढरा निळसर असल्यामुळे निळा शेकडा १५ ने कमी करायचा आहे असे समजा. तो मॉनिटरच्या मेनूतून कमी केला, तर पुष्कळ मॉनिटर आतल्या आत जास्त बिटांत हिशेब करून पायऱ्या जपतात. तो ग्राफिक्स कार्डाकडून कमी करवला, तर आठ बिटांच्या जोडणीवर निळ्याच्या २५६ पायऱ्यांपैकी जेमतेम २१७ उरतात, आणि संध्याकाळच्या आकाशासारख्या हळुवार बदलणाऱ्या भागात पट्टे दिसू लागतात. म्हणून जेवढे जमेल तेवढे मेनूत, आणि उरलेले थोडेसेच वक्ररेषेत. काम झाल्यावर पडताळणीचा अहवाल काढता येतो. त्यात डेल्टा ई या नावाने अपेक्षित आणि प्रत्यक्ष रंगातले अंतर दिलेले असते. एकच्या आसपासचे अंतर डोळ्याला जेमतेम जाणवते. सरासरी दोनच्या आत असेल तर छायाचित्रांच्या कामाला ते पुष्कळ झाले.

चिठ्ठी वाचतो कोण

कॅलिब्रेशनची वक्ररेषा ग्राफिक्स कार्डात बसते आणि स्क्रीनवरच्या सगळ्याच गोष्टींना लागू होते. प्रोफाइलमधला उरलेला भाग, म्हणजे मूळ रंगांची नोंद, फक्त ती वाचणाऱ्या प्रोग्रॅमनाच कळते. फोटोशॉप, लाइटरूम, गिंप, डार्कटेबल हे ती वाचतात. साधे चित्र दाखवणारे कित्येक प्रोग्रॅम वाचत नाहीत. एकच छायाचित्र दोन खिडक्यांत वेगळे दिसते याचे कारण बहुतेक वेळा हेच असते, आणि अशा वेळी प्रोफाइल वाचणाऱ्या प्रोग्रॅमवर विश्वास ठेवावा.

इथे एक चूक फार प्रतिष्ठित माणसेही करतात: फोटोशॉपच्या ‘वर्किंग स्पेस’मध्ये, म्हणजे संपादन करताना आकड्यांचा अर्थ ज्या करारानुसार लावायचा त्या जागी, मॉनिटरचे प्रोफाइल निवडणे. मॉनिटरचे प्रोफाइल फक्त ऑपरेटिंग सिस्टिमला द्यायचे असते. वर्किंग स्पेस एसआरजीबी किंवा अडोबी आरजीबी (जास्त रंग सामावणारा तसाच दुसरा करार) असावी, आणि फाइल कुठेही पाठवायची असेल तर ती एसआरजीबीत बदलून, प्रोफाइल जोडून पाठवावी. तुमच्याच मॉडेलच्या मॉनिटरसाठी दुसऱ्या कोणी बनवलेले प्रोफाइल उतरवून घेणे हेही तसेच फसवे आहे. त्याचा पांढरा, त्याचा ब्राइटनेस आणि त्याच्या दिव्याचे वय तुमचे नसते. दुसऱ्याचा चष्मा आपल्याला लागेलच असे नाही.

आणि जे जुळवता येत नाही

बऱ्याच स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असा आकडा असतो. तो १९५३ मधल्या टीव्हीच्या रंगपट्ट्याशी केलेला हिशेब आहे. एसआरजीबीच्या भाषेत ते साधारण साठ-बासष्ट टक्के होतात. अशा पॅनेलवर कितीही नेटके कॅलिब्रेशन केले तरी लाल जास्वंद विटकरीच दिसणार, कारण तो लाल पॅनेलकडे नाहीच. ‘७२ टक्के एनटीएससी’ लिहिलेले पॅनेल साधारण पूर्ण एसआरजीबीच्या जवळ जाते, आणि मॉनिटर निवडताना तेवढे आणि आयपीएस पॅनेल (पाहण्याचा कोन बदलला तरी रंग फारसे न बदलणारे) एवढे पाहिले तरी पुरते.

मॉनिटर असाच असेल आणि बदलणे शक्य नसेल, तर रंगांचा निर्णय आकड्यांवर सोपवावा. संपादनाच्या सॉफ्टवेअरमधले पिकर साधन करड्या कार्डावर, रस्त्याच्या डांबरावर किंवा ढगाळ दिवसातल्या पांढऱ्या भिंतीवर ठेवले की तीन आकडे दिसतात. जी वस्तू रंगहीन असायला हवी तिथे ते जवळजवळ सारखे असावेत. माणसाच्या त्वचेत, ती गोरी असो वा सावळी, साध्या उजेडात लालचा आकडा सर्वांत मोठा आणि निळ्याचा सर्वांत लहान असतो. हा क्रम उलटला की काहीतरी बिनसले आहे. हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळ्यापासून उजवीकडे पांढऱ्यापर्यंत कोणत्या छटेचे किती बिंदू आहेत हे दाखवणारा आलेख, डाव्या भिंतीला चिकटला असेल तर स्क्रीन काहीही सांगत असली तरी छायाचित्र काळे आहे. त्या पंधरा टेकड्यांचा हिस्टोग्राम मी नंतर उघडून पाहिला तेव्हा तो तसाच डावीकडे ढीग घालून बसलेला होता. तो तेव्हाही तिथे होता, मी पाहिला नव्हता इतकेच.

एलईडी दिवे सावकाश जुने होतात, त्यामुळे छंद म्हणून काम करणाऱ्याला तीन-चार महिन्यांतून एकदा माप घेतले तरी चालते. छपाईसाठी नियमित काम करणारे महिन्याला घेतात. दरम्यान घरातले कोणी तरी सिनेमा पाहताना ब्राइटनेस वाढवतेच. म्हणून ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट आणि तिन्ही गेनचे आकडे एका कागदावर लिहून तो मॉनिटरच्या पाठीला चिकटवून ठेवावा. माझ्या मॉनिटरवर तो कागद आहे, आणि ब्राइटनेसच्या पुढे शंभरच्या जागी बावीस असे लिहिलेले आहे.